इंदूमावशींचा नरक

इंदूमावशींसमोर ‘छान’ म्हणायची सोय नव्हती. कुणाच्या तोंडून निघालंच, तर त्या जागच्या जागी थांबायच्या, मान तिरकी करायच्या आणि विचारायच्या, "छान म्हणजे काय? काय दिसलं तुला?" समोरचा म्हणायचा, "सगळंच." मग त्या म्हणायच्या, "म्हणजे बघितलंच नाहीस. जा परत." आणि खरोखरच परत पाठवायच्या. मॅनहॅटनच्या बँकेत अख्ख्या डिपार्टमेंटचा साहेब असलेला माणूस कॉफीचा कप गाडीच्या टपावर ठेवून निमूटपणे चर्चच्या पायऱ्या पुन्हा चढताना मी पाहिलाय.

आमच्या जर्सी सिटीच्या मंडळींत त्यांचं एकच वर्णन चालायचं. म्हातारी फार चिडकी आहे. हा शब्द मला अजून झोंबतो. चिडकी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. चहा गार मिळाला, पार्किंग मिळालं नाही, नाटकाला मागची रांग मिळाली, की ती चिडतात. मावशींना गार चहा चालायचा. मागच्या रांगेत त्या आपणहून बसायच्या. त्यांचा राग कुठे जायचा, तेवढं पाहायची आमच्यातल्या कुणाला गरज वाटली नाही.

त्या मूळच्या सावंतवाडीच्या. मुंबईत चित्रकला शिकल्या. नवरा खाणींचा इंजिनिअर, त्याच्याबरोबर साठच्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या पट्ट्यात आल्या. खाणी एकेक करून बंद पडल्या, नवराही गेला, मावशी मात्र स्क्रँटनजवळच्या त्याच घरात राहिल्या. तिथल्या एका छोट्या कॉलेजात चित्रकलेचा इतिहास शिकवून रिटायर झाल्या. मूल नव्हतं. गाडी मात्र होती, होडीएवढी लांब, आणि ती त्या दोन्ही हात वापरून बोलत चालवायच्या.

आमची ओळख झाली ती आमच्या मराठी मंडळाच्या सहलीमुळे. दर ऑक्टोबरात मावशी ज्यांना यायचंय त्यांना आपल्या भागातली जुनी ऑर्थोडॉक्स चर्चं आणि डोंगरावरचा एक मठ दाखवायच्या. शंभर वर्षांपूर्वी कार्पेथियन डोंगरांतून कोळसा खणायला आलेल्या लोकांनी ती बांधलेली. बाहेरून कांद्याच्या आकाराचे घुमट, आतून जमिनीपासून छतापर्यंत रंगवलेल्या भिंती. मंडळाच्या पत्रकात या सहलीची जाहिरात ‘फॉल कलर्स आणि सीनिक ड्राइव्ह’ अशी झाली होती. सकाळी आम्ही ठरलेल्या ठिकाणी पोचलो, तर मावशी ते पत्रक हातात घेऊन उभ्या.

"पानं बघायला कोण कोण आलंय?"

दोनचार हात उत्साहात वर गेले.

"तुमच्या बिल्डिंगखाली झाड आहे ना? त्याची बघायची. इथे भिंती बघायच्या आहेत. ज्यांना नको असतील त्यांनी आत्ताच वळावं, दुपारपर्यंत घरी पोचाल."

माझा नवरा प्रशांत माझ्या कानात म्हणाला, "यार, ही बाई दिवसभर?" पण कुणी वळलं नाही. चार गाड्या त्या होडीमागून निघाल्या.

मला तो दिवस लख्ख आठवतो. रस्ता सुंदर होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. लालभडक डोंगर, मधूनच काळे ढिगारे. मला त्या टेकड्या वाटल्या. मावशींनी गाडी थांबवून सांगितलं की ते खाणीतून उपसलेल्या टाकाऊ दगड-कोळशाचे ढीग आहेत, त्यांवर आता बर्चची झाडं उगवलीत. "हेच ते तुमचं सीनिक," त्या म्हणाल्या. एका वळणावरच्या चर्चमध्ये आमच्यातल्या एका काकूंनी चिवड्याचा डबा उघडला. मावशींनी तो त्यांच्या हातून घेतला, झाकण लावलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. संध्याकाळी परत दिला, वर म्हणाल्या, "चिवडा उत्तम झालाय. मी खाल्ला."

दुपारी मठ. त्याच्या चॅपेलमध्ये शिरलं की आधी ऊद आणि मेणाचा वास येई, मग डोळे अंधाराला सरावत आणि भिंती हळूहळू पुढे येत. हे सगळं एका साधूने रंगवलेलं. तो ज्या मुलुखातून पळून आला होता तिथे मठांच्या बाहेरच्या भिंतीही रंगवतात. इथल्या हिवाळ्यात ते टिकलं नसतं, म्हणून त्याने ते सगळं आत आणलं. पश्चिमेच्या भिंतीवर, म्हणजे दारातून बाहेर पडताना समोर येते तिथे, जगाच्या अंती होणाऱ्या शेवटच्या न्यायाचं चित्र होतं. वर सिंहासनावर ख्रिस्त, त्याच्या पायापासून निघालेली आगीची लाल नदी, रुंद होत होत खाली आलेली, आणि त्या नदीत गळ्यापर्यंत बुडालेली माणसं. ती माणसं पुराणकाळातली नव्हती. एकाच्या हातात खिशातलं घड्याळ होतं, तो खाणीचा सुपरिटेंडंट. एकाच्या हातात तराजू, तो कंपनीच्या दुकानाचा मालक. साधूने आपल्या आसपासची माणसं नावानिशी नरकात घातली होती.

मावशी भिंतीसमोर उभ्या राहिल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. तिथे त्या काहीच समजावून सांगत नसत. फक्त म्हणायच्या, "बघा. घाई नाही."

तिथेच हेलनची गाठ पडली. ही सत्तरीची बाई दर शनिवारी तळघराच्या स्वयंपाकघरात पिरोगी करायची, आपल्या करंज्या उकडल्या तर दिसतील तशा, आत बटाटा भरलेल्या. त्यांच्या विक्रीवर मठाचा निम्मा खर्च निघत असे. ती पिठाचे हात पुसत वर आली, मावशींच्या शेजारी उभी राहिली आणि नदीतल्या एका माणसाकडे बोट दाखवून मला म्हणाली, "हा माझा बाप."

तो माणूस एका बोकडाला मिठी मारून जळत होता.

हेलनने ती गोष्ट सांगितली. साधू दाढीवाल्या संत योहानाचं चित्र काढत असताना तिचा बाप वासिल खाणीतून परतताना डोकावला आणि मोठ्याने हसून म्हणाला, हा संत कुठला, हा तर माझा बोकड. साधू रंगवत राहिला. महिन्याभराने नरक पूर्ण झाला तेव्हा वासिल आणि बोकड दोघेही त्यात होते. गाव पोट धरधरून हसलं. त्याच हिवाळ्यात खाणीचं छत कोसळलं आणि वासिल गेला. हेलन तेव्हा पाळण्यातून नुकती उतरलेली.

"आमच्या घरी कॅमेरा नव्हता," हेलन म्हणाली. "माझ्या बापाचं जगात एकच चित्र आहे. ते नरकात आहे."

तिथे आमच्यापैकी कुणीही ‘छान’ म्हणालं नाही.

पुढच्या वर्षीच्या सहलीला निम्मीच माणसं आली. मॅनहॅटनचे जुळे मनोरे कोसळले तो सप्टेंबरमधला मंगळवार होऊन जेमतेम महिना झाला होता, जर्सी सिटीच्या आमच्या खिडकीतून नदीपलीकडची ती रिकामी जागा रोज दिसायची, आणि आमच्यासारखा रंग असलेली माणसं अनोळखी गावांत गाडीतून उतरायला कचरत. एका रस्त्यालगतच्या चर्चचे आम्ही फोटो काढत होतो. एक पिकअप येऊन थांबला. आतल्या माणसाने विचारलं, इथे काय चाललंय? प्रशांत लगेच पुढे झाला. "सॉरी सर, वुई आर जस्ट लीव्हिंग, सर."

तो माणूस निघून गेल्यावर मावशी प्रशांतसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सॉरी कशाबद्दल?"

"मावशी, उगाच वाद कशाला..."

"वाद नको, बरोबर. त्याला सांगायचं होतंस की आम्ही चर्च बघतोय. ते खरं होतं. सॉरी हे खोटं होतं. तू काही केलं नव्हतंस. एकदा उगाच सॉरी म्हटलंस की तुझ्या मुलीलाही ते शिकवशील."

आमची इरा तेव्हा चार वर्षांची होती. मागच्या सीटवरून ती म्हणाली, "डॅडी, व्हाय आर यू सॉरी?" प्रशांतने तिचा पट्टा तपासला आणि गाडी सुरू केली. पण पुढच्या सहलीची तारीख त्यानेच विचारून घेतली.

आता मूळ गोष्टीवर येते.

मठात नवे मठाधिपती आले. तरुण, सज्जन, थकलेला चेहरा. लोक येईनासे झाले होते, खाणकामगारांची नातवंडं शहरांत पांगली होती. एक देणगीदार भेटला. त्याने दुरुस्तीला पैसे द्यायचं कबूल केलं, पण त्याला आतून सगळं उजळ हवं होतं. नरक काढून तिथे निळं आकाश आणि देवदूत. लग्नांचे फोटो चांगले येतील, असंही कुणीतरी म्हणालं होतं म्हणे. मावशींना हे कुणी कळवलं नाही. ज्या बाईने त्या भिंतीबद्दल शिकवलं, लिहिलं, दर वर्षी माणसं आणून उभी केली, तिला एक फोन करावासा कुणालाही वाटला नाही.

आम्ही ऑक्टोबरात नेहमीसारखे पोचलो. मावशींनी दार ढकललं आणि आतला वासच वेगळा आला. ताज्या रंगाचा. पश्चिमेच्या भिंतीला लोखंडी परांची लावलेली होती. वरचा ख्रिस्त गेला होता. नदीचा उगम गेला होता. घड्याळवाला गेला होता, तराजूवाला अर्धा गेला होता, त्याचा एक हात तेवढा पांढऱ्यातून बाहेर होता. परांचीवर दोन रंगारी रेडिओ लावून रोलर फिरवत होते.

मावशी ओरडल्या नाहीत. त्यांनी पर्स माझ्या हातात दिली, कोट काढून बाकावर ठेवला आणि त्या परांचीची शिडी चढू लागल्या. सत्तरीच्या घरातली बाई. रंगारी घाबरून म्हणाले, "मॅडम, मॅडम!" त्या पहिल्या फळीवर पोचल्या आणि पाय खाली सोडून भिंतीला पाठ लावून बसल्या. ओल्या पांढऱ्या रंगाला. शर्टाची पाठ पांढरी झाली.

मठाधिपती धावत आले. ते नम्रपणेच बोलले, हे मला मान्य करायला हवं.

"प्रोफेसर, हे देऊळ आहे, म्युझियम नव्हे. आम्ही इथे प्रार्थना करतो. मुलं या भिंतीला घाबरतात."

"प्रार्थना करता ना?" मावशी वरून म्हणाल्या. "मग ज्यांच्यासाठी करायची, ती माणसं या भिंतीवर होती. त्यांना पुसून कुणासाठी करणार?"

"आणि तुम्ही तर... तुम्ही ख्रिस्तीसुद्धा नाही."

"नाही. मला डोळे आहेत."

मठाधिपतींनी पोलिसांना बोलावलं. इकडे आमच्या मंडळींत कुजबुज सुरू झाली होती. मंडळाचे त्या वर्षीचे अध्यक्ष माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हे बघा, आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. पोलीस रेकॉर्ड वगैरे झालं तर? मावशींना काय करायचंय त्यांच्या मठाचं? आपला आहे का तो?" आणि ते निघाले. एकेक गाडी सुरू झाल्याचा आवाज मी आत उभी राहून ऐकला. ज्यांना त्या बाईने दर वर्षी स्वतःच्या घरी नेऊन जेवू घातलं होतं, ती माणसं पोलीस यायच्या आत पसार झाली. भीती मला समजते. आम्हीही व्हिसावरच होतो. पण जाताना त्यांच्यातल्या एकानेही वर बघून "मावशी, निघतो" एवढंसुद्धा म्हटलं नाही. ते मला आजही समजत नाही. प्रशांत इराला घेऊन बाहेर गाडीशी थांबला. पण थांबला.

तेवढ्यात तळघरातून हेलन वर आली. तिला रंग लागतोय हे माहीत होतं, पण तिला सांगितलं होतं फक्त वरचा भाग साफ करतोय म्हणून. तिने भिंत पाहिली. मग सरळ चालत गेली आणि आपल्या बापासमोर, जमिनीलगतच्या त्या तुकड्यासमोर, त्याला पाठ लावून उभी राहिली. एका रंगाऱ्याला ती लहानपणापासून ओळखत होती.

"टॉमी," ती म्हणाली, "रंगवायचं तर माझ्यासकट रंगव."

टॉमीने रोलर बादलीत ठेवला.

पोलीस आला तो वीस-बावीस वर्षांचा पोरगेला होता. त्याने मावशींना हात धरून उतरवलं. त्या उतरल्या. त्यांना सांगण्यात आलं की या आवारात पुन्हा दिसलात तर अटक होईल. हेलनला मात्र कुणी हात लावला नाही. शनिवारच्या पिरोगी कोण करणार होतं? मठाधिपतींनी तिथल्या तिथे निर्णय दिला की वासिल आणि त्याचा बोकड राहतील. दाराएवढा एक तुकडा. बाकी सगळं पांढरं.

मला वाटलं होतं, मावशींना थोडं तरी समाधान वाटेल. त्या पांढऱ्या पाठीने गाडीत बसल्या आणि हेलन खिडकीशी आली तेव्हा तिच्यावरच उसळल्या.

"तू तुझ्या बापापुरतं थांबवलंस. बाकीचे?"

हेलनही काही कमी नव्हती. "बाकीच्यांचे फोटो असतील त्यांच्या घरी," ती म्हणाली आणि वळून गेली.

दोघी पुढचा अख्खा हिवाळा एकमेकींशी बोलल्या नाहीत. मावशी फोनवर माझ्याशी बोलताना हेलनचं नाव घेत नसत, ‘ती पिरोगीवाली’ म्हणत. मार्चच्या सुमारास एकदा फोन केला, तर मागे भांड्यांचा आवाज येत होता. विचारलं, कोण आलंय? मावशी म्हणाल्या, "पिरोगीवाली. हिला आमटी करायला शिकवतेय. चिंच घालताना हिचा हात आखडतो." मागून हेलन काहीतरी म्हणाली. मावशी तिच्यावर ओरडल्या. मला बरं वाटलं.

मंडळाने पुढच्या ऑक्टोबरात आउटलेट मॉलची सहल काढली. दोन बसेस भरल्या. गणपतीच्या कार्यक्रमात कुणीतरी माइकवर मावशींची नक्कल केली, "छान म्हणजे काय? काय दिसलं तुला?" आणि हॉलमध्ये हशा पिकला. मी उठून बाहेर गेले. प्रशांतही आला. आम्ही पार्किंगमध्ये उभे राहून एकमेकांकडे न बघता नुसते धुमसत होतो.

मावशी मात्र दर ऑक्टोबरात जायच्याच. येणारे आम्ही तिघं, कधी एखादं नवीन विद्यार्थी जोडपं. बाकीची चर्चं त्या दाखवायच्या आणि मठाच्या फाटकाबाहेर गाडी उभी करून आम्हांला आत पाठवायच्या. स्वतः स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायच्या. देवदूत कधी रंगवलेच गेले नाहीत. देणगीदाराचं मन दुसरीकडे वळलं होतं. पांढरी भिंत पांढरीच राहिली. हे ऐकून त्या एकदाच म्हणाल्या, "म्हणजे आकाशसुद्धा नको होतं त्यांना. नुसतं पुसायचं होतं."

दोन हजार आठच्या वसंतात हेलन गेली. त्याच सुमारास प्रशांतचं प्रोजेक्ट बंद पडलं आणि आम्ही पुण्याला परतायचं ठरवलं. घरात खोके भरलेले होते. मावशींचा फोन आला, "मला मठात जायचंय. गाडी मी चालवेन, तू नुसती शेजारी बस." मी त्यांना बंदीची आठवण करून दिली नाही. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

त्या साडी नेसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पँट आणि बुटांतच पाहिलेलं. करड्या रंगाची साडी, वर जाड काळा कोट. फाटकाशी गाडी थांबली नाही, सरळ आत गेली.

चॅपेल भरलं होतं. खाणकामगारांची पांगलेली नातवंडं, पतवंडं, त्यांची मुलं, सगळी त्या एका दिवसापुरती आली होती. मधोमध उघडी शवपेटी, त्यात हेलन, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. सगळे पूर्वेकडे, देवाच्या चित्रांच्या पडद्याकडे तोंड करून उभे. मावशी पेटीपाशी गेल्या, हेलनच्या हातावर हात ठेवला, जरा वेळ तसाच राहू दिला. मग त्या मागे आल्या, अगदी शेवटी, आणि सगळ्यांकडे पाठ करून पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

गायन सुरू झालं. वाद्यं नसतात, नुसते आवाज. प्रार्थना लांबली. लोक मागे वळून बघू लागले. एका बाईने मला खूण केली, तुमच्या आजींना वळवा. मी ‘नाही’ अशी मान हलवली. मावशी हलल्या नाहीत. ताठ उभ्या, समोर वासिल, बोकड, आग, आणि चहूकडे पांढरं.

मठाधिपती हातात धुपाटणं घेऊन फिरू लागले. एकेका चित्रापुढे थांबून धूर द्यायचा, मग माणसांना, असा त्यांचा रिवाज. ते मागच्या भिंतीशी आले आणि मावशींना पाहून थबकले. मला वाटलं, आता ते काही बोलतील. पण त्यांचे केसही आता पिकायला लागले होते. ते मावशींच्या शेजारी उभे राहिले, त्यांच्यासारखेच भिंतीकडे तोंड करून. साखळीवरचं धुपाटणं त्यांनी वासिलपुढे हलवलं. मग क्षणभर थांबून, सावकाश, त्या रिकाम्या पांढऱ्या भागापुढेही हलवलं. एकदा वर, जिथे ख्रिस्त होता. मग खाली, जिथे नदी होती.

मावशींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरची नजर न काढता, त्या गात्या गर्दीत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, त्या मराठीत म्हणाल्या,

"आता कशाला?"